नवव्या ओळीतला खड्डा

"आलेऽऽख निरंजन!"

महाराजांनी आरोळी ठोकली आणि जोतीराम आबांच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये मांडीला मांडी लावून बसलेली दोनेकशे माणसं एका सुरात ओरडली, "निरंजन!" त्या आवाजानं पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. एक बाई रडायला लागली. का रडतेय असं तिच्या शेजारणीनं विचारलं, तर म्हणाली, "काय म्हाईत, पन लई बरं वाटतंय."

कळस गावात मी पहिल्यांदाच आले होते. मैत्रिणीनं, रेश्मानं, ओढून आणलं होतं. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे ती बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत लागली आणि मी, शबीना, त्याच रस्त्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेश्माचं लग्न जोतीराम आबांच्या राजवर्धनशी ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, हॉल बघून झाला होता आणि आता मधेच हे महाराज उपटले होते. सासरच्या मंडळींचा निरोप होता, "मुलीला दर्शनाला घेऊन या. तिची रेघ काढायची हाय."

महाराजांचं नाव आलेखनाथ. अंगात भगवी कफनी आणि तिच्यावर डॉक्टर घालतात तसला पांढरा डगला. म्हणजे ज्याला धर्म पाहिजे त्याला धर्म, ज्याला विज्ञान पाहिजे त्याला विज्ञान. समोर चौरंग, चौरंगावर मखमल आणि मखमलीवर ते यंत्र. पाटीच्या निम्म्या आकाराचं, काळं, ढीगभर बटणांचं. दादासो नावाचा शिष्य त्याच्यावर मोबाइल धरून उभा होता आणि मोबाइलमधलं चित्र मागच्या भल्यामोठ्या टीव्हीवर दिसत होतं.

"हे यंत्र बाजारात मिळत न्हाय," महाराज सांगत होते. "हिमालयात एक शास्त्रज्ञ साधू हायेत. त्यांनी चौदा वर्षं हे बर्फात चार्ज केलं. तुमची जन्मतारीख ह्यात घातली की ती सरळ वर जाते, ग्रहाला धडकते आन रेघ होऊन खाली येते. नासावाले तीन वेळा मागायला आले. मी म्हनलं, न्हाय! हे माझ्या शेतकऱ्याचं हाय!"

टाळ्या पडल्या.

"बोला, कुनाची तारीख?"

"एक जून," एक म्हातारबा म्हणाले.

महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि खटाखट बटणं दाबली. टीव्हीवर आधी एक आडवी, जराशी चढती रेघ उमटली. मग तिच्या खालून, कुणीतरी टोपलं उलथवून ठेवावं तसा नव्हे, टोपलं सुलटं ठेवावं तसा एक खड्डा हळूहळू काढला गेला. रेघेनं खड्ड्याला दोन ठिकाणी कापलं.

"दोन छेद!" महाराज कळवळले. "एक पितृदोष, एक वास्तुदोष. बाबा, गुडघं दुखत्यात ना?"

म्हातारबा सत्तर-पंच्याहत्तरीचे. गुडघे दुखत नसते तरच नवल. त्यांनी हात जोडले.

पुढचे आजोबाही एक जूनचे निघाले. त्याच्या पुढचेही. आपल्याकडे ज्यांची खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, त्यांना शाळेत मास्तरांनी सरसकट एक जून लावली, हे महाराजांना कुणी सांगितलं नसावं. तीच रेघ तिसऱ्यांदा आली तेव्हा ते क्षणभर चपापले, मग गरजले, "बघा! मागच्या जन्मी हे तिघं सख्खे भाऊ व्हते!" तिघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की मला हसू आवरेना. त्यांतल्या दोघांचा बांधावरून वाद चालू होता म्हणे.

"आता बघा चमत्कार," महाराज म्हणाले आणि त्यांनी एक कळ दाबली. पडदा कोरा. "दोष गेला असं वाटलं ना? आता बघा." दुसरी कळ. रेघ आली, आणि मागोमाग खड्डाही आला. "मारला तरी परत जन्म घेतो! पुनर्जन्म प्रत्यक्ष बघा, तेबी टीव्हीवर!"

लोकांनी श्वास रोखून तीन वेळा पुनर्जन्म बघितला.

इथवर सगळी मजाच होती. मग माझी नजर चौरंगाच्या बाजूच्या घमेल्यावर गेली. मला वाटलं, प्रसाद असेल. त्यात औषधं होती. गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, दम्याचा एक पंपसुद्धा. साखरेच्या, रक्तदाबाच्या, थायरॉईडच्या, सगळ्या एकत्र, लाह्यांसारख्या.

"गोळीनं खड्डा बुजत न्हाय," महाराज समजावत होते. "गोळीच खड्ड्यात जाती. औषध हितं ठेवा आन पौर्निमेपर्यंत निर्धास्त ऱ्हावा. पौर्निमेला मी सगळ्या गावाचा खड्डा एकदम काढनार हाय."

राजवर्धनची आजी, ठमाबाई, उठली. काटक, ठेंगणी म्हातारी. वीस वर्षं साखरेच्या गोळ्या घेत होती. तिनं कनवटीची पट्टी काढली, कपाळाला लावली आणि घमेल्यात टाकली.

मग रेश्माची पाळी आली. अठ्ठावीस जानेवारी. टीव्हीवर जवळपास उभीच रेघ उमटली आणि तिनं खड्डा तळाशी एकदाच कापला.

"एकच छेद हाय," रेश्मा म्हणाली. "म्हंजे मी बरी ना?"

"एक दिसतोय!" महाराजांनी बोट उगारलं. "दुसरा पडद्याच्या भायेर दडून बसलाय. दडलेला दोष लई वाईट. पोरी, तू लोखंडाच्या मशिनीत काम करतीस. ती नोकरी सोड. आन जोतीरामराव, तोवर लग्नाचं नाव काढू नका. पौर्निमेला खड्डा निघाला की बघू. रोडलगतचा तो तुकडा आश्रमाला दिला, तर निघायला सोपं जाईल."

जोतीराम आबा म्हणजे सरळ माणूस. कुणाचं दोन पैशाचं वाईट केलं नाही कधी. त्यांनी मान डोलावली, "देतो की, महाराज. आईचं आन पोराचं बरं व्हत असंल तर जमीन काय चाटायची हाय?"

राजवर्धन खाली बघून बुटाच्या टोकानं माती उकरत होता. रेश्मा त्याच्याकडे बघत राहिली. परतताना गाडीवर ती एवढंच म्हणाली, "त्यानं एकदा तरी वर बघायला पायजे व्हतं."

दोन दिवसांनी, भर दुपारी, माझ्या दुकानात कोण यावं? शिष्य दादासो. पँट-शर्टात. कळसपासून लांबचं दुकान बघून आला असणार. गर्दीत त्यानं मला पाहिलं नव्हतं. त्यानं इकडेतिकडे बघून पिशवीतून पंच्यात गुंडाळलेलं यंत्र काढलं.

"मॅडम, ह्यात एक डाग हाय. जाता जात न्हाय."

मी पंचा सोडला. तेच यंत्र. शेडमध्ये मखमलीवर मोठं वाटलं होतं, माझ्या टेबलावर उघड्या पडलेल्या मोबाइलांच्या गर्दीत ते अगदीच बिचारं दिसत होतं. पाठीवर कुणाचं तरी नाव खरवडून काढलेलं. आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. बाहेरच्या देशांतल्या शाळांत मुलं वापरतात. आपल्याकडे क्वचित बघायला मिळतो.

"कुठून घेतलात?"

"हिमा—" तो थबकला. "पुन्याच्या जुन्या बाजारातनं."

"काय करायचंय?"

"हा खड्डा पुसायचा. आमच्या सायबांनी सगळी बटनं दाबली. डिलीट दाबलं, क्लिअर दाबलं. जातो आन परत येतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? सायेबबी भित्यात त्याला. सोताची तारीख घातली, तरी आला खड्डा. तीन दिवस जेवले न्हाईत."

मी गंभीर चेहऱ्यानं त्याला चार वाजता यायला सांगितलं. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून आधी पोटभर हसून घेतलं, आणि मग कामाला लागले.

पण हसू फार टिकलं नाही. 'क्लिअर' दाबलं, चित्र गेलं. 'ग्राफ' दाबलं, परत आलं. चित्रावर असताना 'डिलीट' दाबून काहीच होईना. मी मागचं झाकण काढून चारही सेल काढले, चहा पिऊन आले, सेल परत घातले. खड्डा तिथंच. आतमध्ये आठवण जपणारा एक छोटा बटणसेल असतो हे नंतर माहितीपुस्तिकेत वाचलं. त्या वेळी मात्र मी सेल परत एकदा काढून, पुसून घातले.

मग एक कळ सापडली, तिच्यावर 'वाय बरोबर' असं लिहिलेलं. ती दाबल्यावर ओळींची यादी आली. पहिल्या ओळीत एक भागिले सहा गुणिले एक्स. म्हणजे एक जून! नंतर आणखी कुणी एक जूनवाला आला असणार, त्या तिघांचा चौथा सख्खा भाऊ. त्या ओळीवर जाऊन 'क्लिअर' दाबलं, ओळ रिकामी झाली. दुसरी रिकामी, तिसरी रिकामी, सातवीपर्यंत सगळ्या रिकाम्या. आता यंत्रात काहीच उरलं नव्हतं. मोठ्या विजयानं 'ग्राफ' दाबलं.

रेघ गेली होती. खड्डा होता.

यादीत काही नाही आणि पडद्यावर खड्डा! खरं सांगते, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. चांगली डिप्लोमा झालेली मी, दिवसाला दहा मोबाइल उघडते. पण मनात एक बारीक आवाज म्हणालाच, नसेल ना काही?

तेवढ्यात डेअरीतली सकाळची पाळी संपवून रेश्मा आली. चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी ठमाबाई मोरीत चक्कर येऊन पडल्या होत्या. राजवर्धननं त्यांना इंदापूरला डॉक्टरकडे नेलं. साखर भलतीच वाढलेली. डॉक्टर रागावले, गोळ्या लिहून दिल्या. पण आजी तोंड उघडेनात. "पौर्निमेपर्यंत थांबा, महाराज खड्डा काढनार हायेत."

"कुठला खड्डा काढणार," मी म्हणाले, "हा बघ खड्डा. माझ्यानं निघत नाहीये."

यंत्र बघून तिचे डोळे विस्फारले. मी सगळं सांगितलं. ती यादीकडे बघत राहिली, आणि प्रयोगशाळेत लागलेल्या सवयीनं तिनं विचारलं, "यादी हितंच संपती, की पडदा संपतो?"

तिनं खाली जायचा बाण दाबून धरला. सातवी ओळ वर सरकली. आठवी आली, रिकामी. नववी आली.

नवव्या ओळीत लिहिलं होतं, एक्सचा वर्ग वजा चार.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग जे हसत सुटलो! बाहेरून दोन कामगार मोटारसायकल थांबवून आत डोकावले, काय झालं म्हणून. आधीच्या मालकानं, कुठल्याशा परदेशी पोरानं, गृहपाठ करताना नवव्या ओळीत एक गणित घातलं आणि पुसायचं विसरला. त्या गृहपाठाचा दोष कळसच्या दोनशे माणसांना लागला होता!

"आणि प्रत्येकाची रेघ त्याला कापते कशी?" मी विचारलं.

रेश्मानं माझ्या बिलबुकाच्या मागे काढून दाखवलं. "महाराज तारखेला महिन्यानं भागतो आन एक्सनं गुणतो. तसली कुठलीबी रेघ पडद्याच्या बरोबर मधल्या बिंदूतनं जाती. आन तो बिंदू खड्ड्याच्या आत हाय. आत उभं राहून सरळ दोन्ही दिशेनं चालत गेलं तर काठ दोनदा लागनारच. माझी रेघ लई उभी, म्हनून एक छेद पडद्याच्या वर गेला. हा माझा दडलेला दोष!"

मी बोट 'क्लिअर'वर ठेवलं. तिनं माझा हात धरला.

"थांब. आत्ता पुसलास तर पौर्निमेला तो म्हनंल, माझ्या तपानं गेला. लोक बघत असताना पुसायचं."

दादासो चारला आला. मी म्हणाले, "दोष सापडला. पण तो टीव्हीला जोडलेला असतानाच काढावा लागेल. पौर्णिमेला मी स्वतः येते." ह्यात खोटं एवढंच होतं, की टीव्हीची गरज यंत्राला नव्हती, आम्हाला होती. यंत्र परत घेताना दादासोनं माझे पायच धरले असते. दरम्यान रेश्मानं राजवर्धनला फोन लावला आणि त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. त्यानं ती दोनदा सांगायला लावली. मग तो म्हणाला, "आणतो."

पौर्णिमेच्या सकाळी दहालाच शेड तुडुंब भरली. लोक बाहेर ट्रॉलीवर चढून बसलेले. चौरंगाजवळ जागेचा कागद आणि पेन तयार. घमेल्याची दोन घमेली झालेली. ठमाबाई सुनेच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या, ओठ सुकलेले, पण डोळ्यांत आशा. मला टीव्हीशेजारी स्टूल मिळालं. महाराजांनी हळूच विचारलं, "बाई, निघंल ना?"

"निघेल," मी म्हणाले.

आरोळ्या झाल्या, शंख झाला. एवढ्यात राजवर्धन उठून उभा राहिला. ह्या वेळी त्याची मान वर होती.

"महाराज, खड्डा काढायच्या आधी आमच्या घरच्या एकाची रेघ राहिली हाय. बारा ऑक्टोबर."

"बाई का गडी?"

"गडी समजा."

महाराजांनी बटणं दाबली. चढती रेघ आली, खड्डा आला, दोन छेद आले. महाराजांनी मान हलवली. "अंगानं दनकट हाय. पन सकाळी उठायला लई त्रास देतो."

"व्हय, महाराज!"

"एकदा उठला की दिवसभर राबतो. पोटात गरमी. सभाव तापट. पाठीमागं कायम कुनाचं तरी वझं."

"अगदी बरोबर!"

"ह्याचं लग्न दोन वर्षं जमनार न्हाय. पितृदोष कडक हाय."

"ह्याचे पितर फॅक्टरीत असत्यात, महाराज," राजवर्धन म्हणाला आणि त्यानं खिशातून कागद काढला. "ही तारीख आपल्या ट्रॅक्टरची हाय, आबा. हे पासिंगचं बुक. हा काय, तुमच्या मागं उभा हाय गडी."

सगळ्यांच्या माना ट्रॅक्टरकडे वळल्या. मग ट्रॉलीवरून कुणीतरी ओरडलं, "ट्रॅक्टरला पितृदोष!" आणि हास्याचा जो फुगा फुटला! एका आजोबांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "काय रं, गुडघं दुखत्यात का?" बायका पदर तोंडाला लावून एकमेकींच्या अंगावर कोलमडत होत्या.

पण महाराज कच्चे नव्हते. त्यांनी शंख फुंकला. "हसा! लोखंडात शनी असतो! यंत्रालाबी आत्मा असतो! ट्रॅक्टरचा दोष मालकाला लागतो, म्हनून तर आजीबाई पडल्या!"

हसणं विरलं. आबांचा चेहरा पुन्हा काळवंडला. भीती किती चटकन परत येते, हे मी तेव्हा पाहिलं.

मी यंत्र उचलून दादासोच्या मोबाइलखाली धरलं. "आता ट्रॅक्टरची तारीख पुसते." पहिली ओळ रिकामी केली, 'ग्राफ' दाबलं. टीव्हीवर नुसता खड्डा. "आबा, आता ह्यात कुणाचीच तारीख नाही. माणसाची नाही, ट्रॅक्टरची नाही. मग हा दोष कुणाचा?"

लोक टीव्हीकडे आणि ट्रॅक्टरकडे आलटूनपालटून बघायला लागले.

"हा कॅल्क्युलेटर आहे. एका ओळीत एक गणित लिहायचं, तो त्याचं चित्र काढतो. महाराज पहिल्या ओळीत लिहितात. पण ह्यात दहा ओळी आहेत आणि पडद्यावर सातच दिसतात." मी बाण दाबला. टीव्हीवर यादी वर सरकू लागली. पुढच्या रांगेतली पोरं मोठ्यानं मोजायला लागली, "सात! आठ! नऊ!"

"ह्या नवव्या ओळीत आधीच्या मालकाचं गणित राहून गेलंय. 'क्लिअर' दाबून नुसतं चित्र जातं, गणित राहतं. म्हणून परत येतं. गणितच पुसलं, की..." मी नवव्या ओळीवर 'क्लिअर' दाबलं. मग 'ग्राफ'.

कोरा पडदा.

"गेला!" महाराज उडालेच. "गेला! दोष गेला! आलेख निरंजन!"

आणि गंमत बघा, निम्मी शेड "निरंजन!" म्हणून उठली. आबांनी डोळे पुसत पेन हातात घेतलं. सगळी उकल डोळ्यांदेखत केली होती, आणि तीच महाराजांची सिद्धी होऊन बसली होती.

रेश्मा पुढे आली. तिनं माझ्या हातातलं यंत्र घेतलं, नववी रिकामी ओळ उघडली आणि ते सरळ ठमाबाईंच्या मांडीवर ठेवलं. दादासोही मोबाइल घेऊन मागोमाग आला.

"आजी, बोट द्या. ही कळ. आता ही. आता ही आडवी. आता चार. आता ही मोठी."

ठमाबाईंच्या बोटानं पाच कळा दाबल्या. टीव्हीवर खड्डा उमटला.

"अगं बया! मी पाडला?"

"तुमीच पाडला. आता नवव्या ओळीवर आनते, ही दाबा, आन परत ती मोठी."

"बुजला!" म्हातारी ताठ बसली. "थांब, थांब, परत पाडते." तिनं परत पाडला. परत बुजवला. तिसऱ्या वेळी तिला बोट धरायची गरज उरली नाही. चौथ्या वेळी गाव ओरडायला लागलं, "पाडला! बुजला! पाडला! बुजला!" पोरं नाचायला लागली. तिघं सख्खे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. ठमाबाई यंत्र छातीशी धरून म्हणाल्या, "जोत्या, ह्याला जमीन द्यायची व्हय रं? मग मला दे! मी तर हिमालयातबी गेले न्हाय!"

आबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले, आणि मग आईसमोर उकिडवे बसून लहान पोरासारखे म्हणाले, "आई, गोळी घे गं."

सगळ्यात चकित झालेला माणूस मात्र महाराज. ते टीव्हीकडे टक लावून बघत होते. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हंजे... माझाबी दोष नव्हता?"

"तुमचा आहे," मी म्हणाले. "पण ह्या यंत्रात नाही. त्या घमेल्यात आहे."

घमेल्यातल्या गोळ्या तशाच कुणी उचलून तोंडात टाकू नयेत म्हणून राजवर्धन दारात आडवा उभा राहिला. कुणाची कुठली, काही कळत नव्हतं. दोन्ही घमेली ट्रॉलीत घालून आरोग्य केंद्रात नेली आणि मागोमाग माणसंही गेली. दिवसभर रांग होती. ठमाबाईंना डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. महाराज त्या गडबडीत डगला टाकून सटकले होते, पण आबांनी आणि रेश्मानं मिळून पोलिसांत रीतसर तक्रार दिली. दादासो साक्षीदार झाला. गावात तोंड दाखवायला त्याला तोच एक रस्ता होता. लग्न ठरल्या तारखेला झालं. रेश्मानं राजवर्धनला आधी आठ दिवस झुलवलं, हे मला मान्य आहे आणि ते योग्यच होतं.

यंत्र कुणी मागायला आलं नाही, ते माझ्याच दुकानात पडून होतं. मला वाटलं, संपलं सगळं.

महिन्याभरानं दुकानात एक बाई आली. नरसिंहपूरकडची, दोन बस बदलून. वय पंचविशीचं, पण डोळे थकलेले. नाव विचारलं तर म्हणाली, "नकोशी." दाराशीच वाकून मला नमस्कार करायला लागली.

"तुमी दोष काढता म्हनं, ताई. कळसच्या आजीचा काढलाय. माझाबी काढा. तीन पोरीच हायेत मला. सासू म्हनती, तुझ्यातच खड्डा हाय."

मला हसू आलं नाही. महाराज पळाला होता आणि त्याच्या रिकाम्या चौरंगावर लोकांनी मला नेऊन बसवलं होतं. मी नुसतं "जा, काढला" म्हणाले असते तरी ती आनंदानं गेली असती. आणि पुढच्या महिन्यात दहा आल्या असत्या.

मी तिला स्टूलवर बसवलं, चहा मागवला आणि यंत्र तिच्या हातात दिलं. एकेक कळ दाखवली. तिनं खड्डा पाडला, नवव्या ओळीवर गेली, पुसला. परत पाडला, परत पुसला. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, हेही तिला कागदावर काढून समजावलं. तिनं त्यावरची एकेक रेघ बोटानं गिरवून बघितली.

"बाई," मी म्हणाले, "मी दोष काढत नाही. तुझ्यात दोषच नाही, काढू काय? ह्यापुढे कुणी काही अजब दाखवलं, तर हात जोडायच्या आधी हात पुढे कर. म्हण, यंत्र इकडं द्या, मी दाबून बघते. जो देणार नाही, त्याच्याकडे लपवायला काहीतरी आहे. जो देईल, त्याच्याकडून निदान शिकायला तरी मिळेल. आणि हे मलाही लागू आहे. माझंही नुसतं ऐकून खरं मानू नकोस, गावातल्या नर्सबाईला विचारून बघ."

तिनं चहा संपवला, कागदाची घडी करून कनवटीला लावली. दारापर्यंत गेली आणि वळली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"ताई, रविवारी दुकान उघडं असतं का?"

"असतं. का?"

"सासूला घेऊन येते," नकोशी म्हणाली. "तिलाच दाबाय लावू."